तिकीट गणपतीचे, हिशेब आठवड्यांचा

गणेश चतुर्थीला दोन-तीन आठवडे उरले की मुंबई-ठाण्यातल्या गरोदर महिलांच्या तपासणी विभागात एकच प्रश्न दिवसातून अनेकदा येतो : "डॉक्टर, गणपतीला गावी जाऊ का?" विचारणारी कधी ती स्वतः असते, कधी नवरा, कधी बरोबर आलेली सासू. बहुतेक वेळा तिकीट आधीच काढलेले असते. प्रश्न परवानगीचा नसतो, होकाराची अपेक्षा असते.

हा प्रश्न हौसेचा म्हणून सोडून देता येत नाही. कोकणातल्या घरात वर्षातून एकदा सगळी भावकी एकत्र येते ती गणपतीत. नव्या सुनेसाठी तर त्याहून मोठे कारण असते, गौरीचा ओवसा. गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा भरायचा, अशी रीत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात अनेक ठिकाणी आहे. तो योग दरवर्षी येत नाही. त्यामुळे "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू" हे डॉक्टरांना सांगायला सोपे असले तरी घरात ते तितकेसे सोपे नसते. शिवाय अनेकींना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जायचे असतेच. सण आणि बाळंतपण एकाच फेरीत उरकावे, असा हिशेब मांडला जातो.

या प्रश्नाला सरसकट "हो" किंवा "नाही" असे उत्तर नाही. ते दोन गोष्टींवर ठरते. प्रवासाच्या दिवशी गर्भाला किती आठवडे झालेले असतील, आणि वाटेत किंवा गावी अचानक काही झाले तर शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेले रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर असेल.

खड्ड्यांमुळे कळा येतात का?

सर्वांत मोठी भीती खड्ड्यांची असते. महामार्गाची अवस्था आठवून घरातले म्हणतात, "गाडीचे धक्के बसतील आणि वाटेतच कळा सुरू होतील." मुळात बाळ गर्भजलात तरंगत असते, त्याभोवती गर्भाशयाची जाड स्नायूंची भिंत असते आणि बाहेरून ओटीपोटाच्या हाडांचा आधार असतो. कळा सुरू होतात त्या बाळ, वार आणि आईचे शरीर यांच्यातील संप्रेरकांच्या बदलांमुळे. निरोगी गरोदरपणात गाडीच्या नेहमीच्या हादऱ्यांनी बाळंतपण सुरू होते, असा पुरावा नाही. अपघात, जोराने पडणे किंवा पोटावर थेट मार बसणे ही मात्र वेगळी बाब आहे. त्यात वार गर्भाशयापासून सुटू शकते आणि आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. म्हणून धक्का लागला, पडणे झाले, तर वरून काही दिसत नसले तरी तपासणी करून घ्यावीच.

मग धोका कशात आहे? कळा कुठेही असलो तरी आपल्या वेळेनेच सुरू होतात, आणि त्या वेळी आपण कुठे आहोत यावर बरेच काही ठरते. जगभरात दहातले साधारण एक बाळ ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मते. यातल्या अनेक माता अगदी निरोगी असतात; आधी कसलीही कल्पना नसते. बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव तर सगळे सुरळीत झालेल्या स्त्रीलाही होऊ शकतो, आणि उपचार न मिळाल्यास तो दोन तासांत जीव घेऊ शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही सोसत नाही.

आता हे कोकणाच्या नकाशावर ठेवून पाहावे. गाव महामार्गापासून आत, वाडी गावापासून आत, पाऊस चालू, रस्ता अरुंद. महामार्गालगत माणगाव, कळंबणी, कामथे, कणकवली अशी उपजिल्हा रुग्णालये आहेत; रत्नागिरी आणि ओरोसला जिल्ह्याची मोठी रुग्णालये आहेत. सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण अनेकदा पुढे गोव्यात बांबोळीला नेले जातात. एरवी तासाभराचे वाटणारे अंतर गणपतीच्या गर्दीत किती वेळ घेईल, हे कोणत्याही चाकरमान्याला विचारावे.

महिने नव्हे, आठवडे मोजा

"सातवा चालू आहे" किंवा "आठवा लागला" या भाषेत घोळ होतो. कोणी पूर्ण झालेला महिना सांगते, कोणी चालू असलेला. डॉक्टर आठवडे मोजतात, आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते, म्हणजे ४० आठवडे पूर्ण होण्याचा दिवस. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख अधिक भरवशाची. पण ही तारीख रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाचू नये. नेमक्या त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या स्त्रिया शंभरात चार-पाचच. बाकीच्या आगेमागे.

इथेच तिकिटाचा घोळ होतो. रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडते. समजा, शेवटची पाळी १ जानेवारीला आली होती. अंदाजे तारीख ८ ऑक्टोबर. गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणून घरातल्यांनी १६ जुलैला, आरक्षण उघडताच तिकीट काढले. त्या दिवशी तिला बरोबर २८ आठवडे झालेले असतात. तब्येत ठणठणीत, पोट आटोपशीर, डॉक्टरही म्हणतात सर्व ठीक आहे. पण १४ सप्टेंबरला तीच बाई साडेछत्तीस आठवड्यांची असते. आणि परतीचे तिकीट दहा-बारा दिवसांनंतरचे असेल तर परतताना ३८ आठवड्यांची. तिकीट काढताना आजच्या तब्येतीचा विचार होतो. विचार जाण्याच्या आणि त्याहीपेक्षा परतीच्या तारखेचा व्हायला हवा.

ढोबळ नियम असा. १४ ते २८ आठवडे हा प्रवासासाठी सर्वांत सोयीचा काळ. उलट्या-मळमळ थांबलेली असते, गर्भपाताची शक्यता कमी झालेली असते आणि पोट अजून अवघडलेले नसते. २८ ते ३४ आठवड्यांत तपासणी करून, सोबत घेऊन, थांबत थांबत प्रवास करता येतो. त्यानंतर लांबचा प्रवास टाळण्याकडेच कल असावा, आणि ३६ आठवड्यांनंतर जिथे बाळंतपण करायचे त्या रुग्णालयाच्या टप्प्यात राहावे. जुळी असतील तर हीच मर्यादा चार आठवडे अलीकडे आणावी.

याच्या आड येते एक जुनी समजूत. सातमाशी बाळ जगते, आठव्या महिन्यातले जगत नाही. म्हणून प्रवास सातव्यात करावा किंवा थेट नवव्यात, असे अनेक घरांत सांगतात. शास्त्र याच्या नेमके उलट आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाची फुप्फुसे, मेंदू आणि वजन यांना बळ देतो, त्यामुळे आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच अधिक सुरक्षित. सातव्या महिन्यात माहेरी पाठवण्याची रीत मात्र प्रवासाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. "आठवा सरू दे, मग नवव्यात नेऊ" ही पळवाट तेवढी धोक्याची.

कोणी जाऊच नये

आठवडे कितीही असोत, काहींनी लांबचा प्रवास टाळलेलाच बरा. रक्तदाब १४०/९० किंवा त्यापेक्षा अधिक असणाऱ्या; अंगावरून रक्त गेलेल्या; वार खाली असल्याचे सोनोग्राफीत दिसलेल्या; आधीचे बाळंतपण दिवस भरण्यापूर्वी झालेल्या; गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेल्या; हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी असलेल्या; हृदयविकार किंवा आटोक्यात न आलेला मधुमेह असलेल्या. आधी सिझेरियन झालेल्या बाईने शेवटच्या दीड महिन्यात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयापासून दूर जाऊ नये. कळा सुरू झाल्या तर जुन्या टाक्यावर ताण येतो आणि तिथे वेळ दवडता येत नाही.

वाटेत

गरोदरपणात रक्त घट्ट होण्याकडे शरीराचा कल असतो. पायाच्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता एरवीपेक्षा चार-पाच पटींनी वाढते, आणि तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने ती आणखी वाढते. म्हणून दर दोन तासांनी उठून चार पावले चालावे. बसल्या जागी घोटे गोल फिरवावेत. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे याकडे थकवा म्हणून दुर्लक्ष करू नये.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाणी. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून बायका निघण्यापूर्वीच पाणी पिणे बंद करतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, आणि शरीरातले पाणी कमी झाले की गर्भाशय आवळू लागते. खड्ड्यांपेक्षा या तहानेची काळजी करणे जास्त गरजेचे.

वाहनांत रेल्वे सर्वांत बरी, कारण उठता येते, चालता येते आणि स्वच्छतागृह असते. खालच्या बर्थच्या राखीव कोट्यात गरोदर स्त्रियांचाही समावेश आहे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. मात्र आरक्षण नसताना गणपतीच्या गर्दीत डब्यात शिरण्याचा प्रयत्न करू नये. चेंगराचेंगरीत पोटावर बसणारा दाब कोणत्याही खड्ड्यापेक्षा वाईट. मोटारीने जायचे तर पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवरून. तिरका पट्टा दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. "बाळाला त्रास होईल" म्हणून पट्टा न लावणे ही चूक. रात्रभर गाडी चालवून पहाटे पोहोचण्याऐवजी दिवसा निघावे. एसटीत मागच्या चाकावरचे आसन टाळावे. दुचाकीवरून लांब जाऊ नये. विमानातला हवेचा दाब निरोगी गरोदर स्त्रीला बाधत नाही. पण शेवटच्या महिन्यांत बहुतेक कंपन्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात आणि साधारण ३६ आठवड्यांनंतर प्रवास नाकारतात. नियम कंपनीगणिक बदलतात, म्हणून तिकिटाआधी विचारावे.

फाइल बॅगेत नको, हातात हवी

गावच्या डॉक्टरांपुढे बाई येते तेव्हा अनेकदा तिची फाइल मुंबईच्या कपाटात असते. मग रक्तगट माहीत नाही, वार कुठे आहे माहीत नाही, आधीचे सिझेरियन कशासाठी झाले माहीत नाही. त्या अर्ध्या तासात जे चाचपडणे होते ते टाळता येण्याजोगे आहे. माता व बालसंरक्षण कार्ड, रक्तगटाचा आणि हिमोग्लोबिनचा अहवाल, सर्व सोनोग्राफी, चालू गोळ्या आणि आधार कार्ड एका पिशवीत, तिच्या हाताशी असावे. सर्व कागदांची छायाचित्रे दोन मोबाइलमध्ये असावीत. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर २८ आठवड्यांचे अँटी-डी इंजेक्शन निघण्यापूर्वी घेतले आहे का, हे पाहावे.

निघण्यापूर्वी एक फोन गावच्या आशाताईंना करावा. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, सिझेरियनची आणि रक्ताची सोय सणाच्या दिवसांत कुठे चालू आहे, तिथे जायला किती वेळ लागतो, वाडीपर्यंत गाडी येते का, हे त्यांना ठाऊक असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून चालू आहे. ती मोफत असून तिच्यात डॉक्टर असतो. नोंदणी मुंबईत आणि बाळंतपण गावी झाले तर पैसे पडतील, ही भीतीही अनाठायी आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे.

गावी पोहोचल्यावर

गणपतीच्या आदल्या दिवशी हरितालिका असते. रात्रभराचा प्रवास आणि लगेच निर्जळी उपास, हे गरोदर स्त्रीसाठी वाईट समीकरण आहे. सातव्या-आठव्या महिन्यात दिवसभर पाण्यावाचून राहिल्याने चक्कर येते, रक्तातली साखर उतरते, पोट आवळते. घरातल्या वडीलधाऱ्या बाईनेच "तू पाणी पी, फळे खा" असे सांगितले तर पोरीची कुचंबणा होत नाही. मधुमेह असलेल्यांनी मोदकांचा मोह आवरावा आणि गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा पाळाव्यात. पाणी उकळून प्यावे. मच्छरदाणी लावावी. चिखलातून आणि साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नये. पावसाळ्यात कोकणात लेप्टोचे रुग्ण आढळतात. विसर्जनाच्या वेळी शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरण्यापेक्षा घरातूनच निरोप द्यावा.

काही लक्षणे दिसली तर आरती संपेपर्यंतही थांबू नये. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ३७ आठवड्यांआधी थोड्या थोड्या वेळाने, नियमित येणारी पोटदुखी, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणे, चेहऱ्यावर सूज, ताप, झटका, आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणे. खोट्या कळा अनियमित असतात, आडवे पडल्यावर आणि पाणी प्यायल्यावर विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत, वाढत जातात. दिवस भरलेले असोत वा नसोत, खऱ्या कळा सुरू झाल्या की निघायचे. गाव आत असेल तर "अजून थोडा वेळ पाहू" याला जागा नाही. विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात वेळ फार कमी मिळतो.

माहेरीच बाळंत व्हायचे ठरले असेल तर गणपतीच्या तारखेशी ते बांधू नये. ३२ ते ३४ आठवड्यांदरम्यान जावे, पहिल्या आठवड्यातच तिथल्या रुग्णालयात नाव नोंदवून एक तपासणी करून घ्यावी, आणि मग सण मधे आला तर मजेत करावा.

आणि ती गेली नाही, तर?

डॉक्टरांनी "जाऊ नका" सांगितले की विषय संपत नाही. खरी अडचण तिथून सुरू होते. गणपती घरचा, पूजेला यजमान हवा, म्हणून नवरा गावी जातो. सासूला गौरी बसवायच्या असतात. आणि ३८ आठवड्यांची बाई मुंबईतल्या खोलीत एकटी राहते, अशा दिवसांत की जेव्हा अर्धी चाळ कुलूपबंद असते, शेजारच्या काकूही गावी गेलेल्या असतात आणि रात्री रिक्षा बोलवायला कोणी नसते. प्रवास टाळून तिला सुरक्षित केले असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात रुग्णालय जवळ असूनही तिथे नेणारे माणूस उरलेले नसते.

त्यामुळे तिला थांबवायचे असेल तर तिच्याबरोबर कोण थांबणार, हे त्याच बैठकीत ठरायला हवे. तिची आई या दिवसांत येऊ शकेल का? पूजा धाकट्या दिराने केली तर चालेल का? नवरा दीड दिवसाचा गणपती करून परत येईल का, आणि ते दीड दिवस कोण असेल? रुग्णालयाचा रस्ता कोणत्या मिरवणुकीने बंद होतो आणि पर्यायी कोणता, हे कोणी पाहून ठेवले आहे का? ओवशाबद्दल घरच्या मोठ्यांशी आधीच बोलावे. अडचण असेल तर रीत कशी पुढे न्यायची, याचे उत्तर बहुतेक घरांतल्या आज्यांकडे असते.

हे सारे बोलणे गणपतीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आरक्षण उघडण्याच्या आधी व्हायला हवे. त्या दिवशी गरोदर स्त्रीचे कार्ड आणि भिंतीवरचे कॅलेंडर शेजारी ठेवावे, जाण्याच्या तारखेला किती आठवडे आणि परतीच्या तारखेला किती, हे दोन आकडे कागदावर लिहावेत, आणि तो कागद पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवावा. दरमहा ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते; ती त्यासाठीही वापरता येते. मग तिकीट किती जणांचे काढायचे, ते ठरवावे.